शेवटचं मीठ

लिलीच्या लेकीचं लग्न होतं आणि लिलीलाच स्वयंपाकाच्या मांडवात पाय ठेवायची बंदी होती. बंदी कोणी घातली म्हणाल, तर तिच्याच हाताखाली काम करणाऱ्या क्लेमेंटीनने. आणि लिलीसारख्या बाईने ती मुकाट्याने मान्य केली होती. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

आमच्या गास गावात लिलीला कोण ओळखत नाही? ईस्टर झाला की आमच्या इकडे लग्नांची रांग लागते, आणि लग्न ठरलं की माणसं आधी फादरकडे जातात, मग लिलीकडे. हॉलवाल्याचा नंबर त्यानंतर. लिलीला तारीख जमत नसेल तर नवरानवरी आठवडाभर थांबतात असं लोक चेष्टेने म्हणतात, पण एकदोनदा ते खरंही झालेलं आहे. तिचा जेवणाचा कारभार मोठा. पाचसहा बाया, शेगड्या आणि टोप सांभाळणारा टोनी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर लिलीचा आवाज. तो आवाज असा की शेजारच्या वाडीतला माणूससुद्धा घाबरून कांदा बारीक चिरायला लागेल.

क्लेमेंटीन हा तिचा उजवा हात. मूळची पाचूबंदरची, कोळ्याघरची, लग्न होऊन गासला आलेली. कामाला वाघ, पण बोलण्यात महाकंजूष. लिलीने घसा कोरडा होईस्तोवर बोलावं आणि क्लेमेंटीनने त्यावर ‘हं’ म्हणावं, हे ठरलेलं. ते ‘हं’ होकाराचं की नकाराचं, हे लिलीला इतकी वर्षं एकत्र काढूनही कळलेलं नव्हतं. कधीकधी तिला वाटायचं, या बाईपेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं.

काम मात्र दोघींचं एकमेकींत छान बसलेलं. लिलीने मागे न बघता हात पुढे करावा आणि हवी ती वस्तू हातात यावी. फक्त एका गोष्टीला क्लेमेंटीनने कधी हात लावला नव्हता, म्हणजे लिलीने लावू दिला नव्हता, आणि ती म्हणजे मीठ. लिलीच्या मटणाला सुरुवातीला नावापुरतं मीठ पडायचं आणि खरं मीठ पडायचं शेवटी, रस्सा आटून वर तेल तरंगायला लागलं की. त्याला सगळी मंडळी ‘शेवटचं मीठ’ म्हणायची. ना माप, ना चमचा. मूठ भरायची, टोपाभोवती हात फिरवायचा, डावाने ढवळायचं, चाखायचं आणि मान हलवायची. लिलीची मान हलली की मटण झालं. एकदा ती तापाने फणफणली होती, तेव्हाही टोनी तिला स्कूटरवर बसवून नुसत्या मिठापुरतं नालासोपाऱ्याच्या हॉलवर घेऊन गेला होता. ही गोष्ट लिली भेटेल त्याला अभिमानाने सांगायची. क्लेमेंटीन शेजारी असली तर ‘हं’ म्हणायची.

तर अशा या लिलीच्या एकुलत्या एका मुलीचं, इझाबेलचं, लग्न ठरलं. मुलगा सांडोर गावचा, जेसन नावाचा. मुलगा गुणाचा होता, त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. संध्याकाळी देवळात मिस्सा, म्हणजे लग्नाची प्रार्थना, आणि मग घरासमोरच्या वाडीत मांडव घालून जेवण, असा बेत. लिलीने मनाशी पक्कं केलं होतं, दुपारपर्यंत स्वयंपाक उरकायचा, मग अंघोळ करून, साडी नेसून, तडक देवळात. तिने हे बोलून दाखवलं तेव्हा क्लेमेंटीन कोथिंबीर निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती जे बोलली, तेवढं लांबलचक ती आधी कधी बोलल्याचं कोणाला आठवत नाही.

“तू नवरीची आई आहेस ना? मग आईसारखी उभी राहा. जेवन आम्ही बघतो. शेगडीपाशी दिसलीस तर टोनीला सांगून उचलून बाहेर ठेवीन.”

टोनी खो खो हसला. लिलीला राग आला, आणि तिने तो चांगला तासभर काढला. पण घरी जाऊन बघते तर इझाबेलही क्लेमेंटीनच्याच बाजूची. तिचं म्हणणं, आजवर दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात मम्मी मागे घामाघूम होऊन उभी राहिली, निदान माझ्या लग्नात तरी पुढे बस. पोरीचे डोळे भरून आले होते. नवरा सेबेस्टियन म्हणाला, एवढी काळजी वाटते तर बाहेरचा केटरर सांगू. त्यावर लिलीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो परत त्या विषयावर बोलला नाही. बाहेरचा केटरर आणि लिलीच्या दारात? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. राहता राहिली क्लेमेंटीन.

मग सुरू झाल्या सूचना. मांस कुठून आणायचं, कांदा किती लाल करायचा, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला मसाला कधी घालायचा, तळायच्या फुग्यांचं पीठ किती वेळ फुगू द्यायचं, शेजारपाजारच्या हिंदू मंडळींसाठी वालाची उसळ वेगळ्या शेगडीवर कशी ठेवायची. क्लेमेंटीनला हे सगळं झोपेत येत होतं. तरी ती ऐकत राहिली. फक्त मिठाचा विषय लिलीने काढला नाही. कसा काढणार? जे स्वतःलाच सांगता येत नाही ते दुसऱ्याला काय सांगणार? आणि खोटं कशाला बोला, लिलीच्या मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की त्या दिवशी मटणात काहीतरी कमी पडावं. फार नाही, एवढंसंच. जेवता जेवता कोणीतरी म्हणावं, बरं झालंय हो, पण लिलीचा हात तो लिलीचा हात.

त्यात भर होती विहीणबाईंची. जेसनची आई पॉलिन ही सांडोरात जेवणातली दर्दी म्हणून प्रसिद्ध. साखरपुड्याचं जेवण लिलीने स्वतः रांधलं होतं, तर या बाईने अर्धं ताट तसंच ठेवून नुसतं “छान होतं” म्हटलं होतं. ते ‘छान’ लिलीच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं. लग्नाला अख्खं सांडोर येणार. तिथे जेवण बिघडलं तर लेक सासरी काय तोंडाने जाणार, हा विचार करून लिलीची झोप उडाली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळीच क्लेमेंटीन घरात आली आणि तिने लिलीचा फोन मागून घेतला. “दर घडीला मला फोन करशील. मी शेगडीपाशी असेन का फोनपाशी?” असं म्हणून तो तिने आपल्या पिशवीत टाकला.  मग पार्लरवाली आली आणि लिलीला खुर्चीत बसवून तिच्या केसांच्या मागे लागली. खिडकीतून मागच्या मांडवातले वास येत होते. कांदा परतला, बरोबर. मसाला पडला, जरा लवकर पडला का? नाही, बरोबर. मटण शिजायला लागलं. पार्लरवाली सारखी सांगत होती, मान सरळ ठेवा, आणि लिलीची मान सारखी खिडकीकडे.

निघायच्या वेळेला मात्र तिला राहवलं नाही. इझाबेलचा गाऊन सावरायला तिच्या मैत्रिणी होत्या, सेबेस्टियन गाड्यांच्या मागे होता, आणि लिलीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. नवी कोरी रेशमी साडी घोट्याच्या वर धरून ती मागच्या दाराने निघाली आणि केळींच्या कडेकडेने चोरासारखी स्वयंपाकाच्या मांडवात शिरली. बघते तर काय, तिथे चिटपाखरू नाही. सगळी माणसं विहिरीपलीकडे चहा पीत बसलेली, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. असं शेगडी सोडून चहाला कोणी गेलं असतं, तर एरवी लिलीने आकाशपाताळ एक केलं असतं. आज मात्र तिला ते पथ्यावर पडलं.

तिने मटणाच्या टोपावरचं झाकण सरकवलं. वाफ तोंडावर आली आणि तिच्या अंगातली सगळी नवरीची आई पळून गेली. रस्सा दाट झाला होता, वर तेल आलं होतं, हाच तो क्षण. शेजारी स्टुलावर जर्मनच्या वाडग्यात जाडं मीठ ठेवलेलं. लिलीचा हात गेला. म्हणजे तिने ठरवून केलं असं नाही, हात आपला आपणच गेला. बांगड्या वर सारल्या, मूठ भरली, टोपाभोवती फिरवली. पुन्हा भरली. वाडग्याचा तळ बोटांना लागला तेव्हा तिचा हात थांबला, आणि अंदाजही म्हणाला, बास. डावाने तळापासून ढवळलं. चाखायला डाव ओठांपाशी आणला आणि तिथेच थबकली, कारण पुढे मिस्सात कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा होता.

फादर सांगतात, कम्युनियनच्या आधी तासभर काही खाल्लं नाही म्हणजे झालं. पण लिली तिच्या आईच्या वळणावर गेलेली. सकाळच्या चहानंतर तिच्या तोंडात पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं आणि लेकीच्या लग्नाच्या मिस्साला ती मटण चाटून जाणार नव्हती. तिने डाव ठेवला, झाकण सरकवलं आणि मान हलवली. न चाखता हलवलेली ही पहिलीच मान. तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सगळं लग्न एकदम जागच्या जागी बसल्यासारखं वाटलं.

पुढे आली तर गाडीपाशी टोनी उभा. तो तिला शोधायलाच निघाला होता. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, बाई काळजीत आहे. गाडीचं दार उघडून धरत तो आपल्या परीने धीर द्यायला गेला. म्हणाला, आता मटणाची चिंता सोड बाय, क्लेमेंटीन मघाशीच म्हणाली, मटण झालं, आता फक्त वाढायचं.

गाडी सुरू झाली आणि लिलीच्या कानात टोनीचे शब्द परत वाजले.

मटण झालं. आपल्या मंडळींत मटण झालं कधी म्हणतात? शेवटचं मीठ पडल्यावर. आज ते मीठ क्लेमेंटीनच्या हातात होतं, लिलीनेच दिलेलं होतं. ती घालणार नाही तर कोण? तिने घातलं, झाकण ठेवलं, माणसांना चहाला पाठवलं, आणि वर येऊन या शहाणीने वाडगंभर मीठ परत घातलं. तेही न चाखता.  शेजारी बसलेली इझाबेल म्हणाली, मम्मी, तुझा हात किती गार पडलाय. लिली कसंनुसं हसली.

देवळात काय काय झालं ते लिलीला विचारू नका. गायनमंडळाने सुंदर गायलं म्हणतात. फादरांनी प्रवचनात नवराबायकोंनी एकमेकांचं ऐकून घ्यावं असं काहीतरी सांगितलं म्हणतात. लिली त्या वेळी बटाटे मोजत होती. खारट झालेल्या रश्शात कच्चे बटाटे टाकतात, पण त्या टोपाला बटाट्यांचा टेम्पो लागला असता. नारळाचं दूध? एवढे नारळ आत्ता सोलणार कोण? कणकेचे गोळे? घरातल्या भाजीला ते चालतात, एवढ्या मोठ्या टोपाला ते काय पुरणार? तिने सेबेस्टियनला कोपराने ढोसलं, क्लेमेंटीनला फोन लावून एकदा मटण चाखायला सांग, असं म्हणायला. त्याला वाटलं बायको रडायला आली आहे. त्याने खिशातून रुमाल काढून दिला आणि स्वतःचे डोळे पुसले. आता या माणसाला काय म्हणावं?

इझाबेल आणि जेसन एकमेकांच्या बोटात अंगठी घालत होते. लेक इतकी गोड दिसत होती, की तिच्याकडे बघून तरी लिलीने सगळं विसरायला हवं होतं. ती विसरलीही, दोन मिनिटं. मग तिला एक गोष्ट सुचली आणि ती आधीच्या सगळ्यापेक्षा वाईट होती. मटण खारट झालं तर बोलणी कोण खाणार? क्लेमेंटीन. गावाला ठाऊक होतं की आज लिली शेगडीपाशी नव्हती. उद्या सकाळी गासपासून सांडोरपर्यंत सगळे म्हणणार, लिलीने एक दिवस पाठ फिरवली आणि त्या बाईने खारट करून ठेवलं. क्लेमेंटीन काय बोलणार? ती ‘हं’ म्हणून गप्प बसणार. तिच्या पहिल्यावहिल्या जेवणाला लिलीनेच काळं फासलं होतं. आठवडाभर जे मनाच्या कोपऱ्यात चोरून इच्छिलं, ते असं आपल्याच हाताने घडून बसलं, हे लिलीला फार लागलं. तिने मान खाली घातली आणि मनापासून प्रार्थना केली. मटण ठीक असू दे असं मागायचं तिला धाडस झालं नाही. तिने एवढंच मागितलं की मला वेळेवर तोंड उघडता येऊ दे.

मिस्सा संपला, मग फोटो सुरू झाले आणि ते संपता संपेनात. फोटोवाला म्हणे, मम्मी, जरा हसा. तिने शेवटी सेबेस्टियनला बाजूला ओढून क्लेमेंटीनला फोन लावायला लावला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. उचलणार कशी, बाई कामात होती. “काय झालंय काय?” सेबेस्टियन विचारत होता. लिली म्हणाली, घरी चला आधी.

घरी पोचेपर्यंत मांडवातले दिवे लागले होते आणि काउंटर उघडले होते. सांडोरची मंडळी देवळातून थेट इकडे आली होती. त्यांत म्हातारी माणसं, गोळ्या घेणारी माणसं, त्यांना ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून क्लेमेंटीनने वाढायला सुरुवात करून दिली होती. मटणाच्या काउंटरवर तर झुंबड होती. लिली गाडीतून उतरली ती नवरानवरीच्या मागे न थांबता सरळ मांडवात शिरली. आधी क्लेमेंटीनला गाठायचं असा तिचा विचार होता. पण मधल्याच टेबलावर पॉलिन बसली होती, नातेवाइकांच्या घोळक्यात, पुढे ताट. तिने लिलीला पाहिलं आणि हात केला.

“विहीणबाई, जरा इकडे या. हे मटण कोणी केलंय?”

टेबलावरची सगळी डोकी वळली.  पाण्याचे ग्लास घेऊन जाणारा टोनीही जागीच थांबला. एक क्षण तिला वाटलं, हसून वेळ मारून न्यावी, मग बघू. फार मोहाचा क्षण होता तो, तुमच्याआमच्यापैकी कितीतरी जण तिथे घसरले असते. पण लिली घसरली नाही.

“मटण क्लेमेंटीनने केलंय,” ती म्हणाली, “आणि तिने चांगलंच केलं होतं. खारट मी केलं. मिस्साला जायच्या आधी मी मागे जाऊन वाडगंभर मीठ घातलं, तिला न विचारता आणि न चाखता. तिला कोणी एक शब्द बोलू नका. जे काय बोलायचं ते मला बोला.”

 पॉलिनने एकदा लिलीकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग रश्शात बोट बुडवून तिने परत चाखलं, अगदी नीट, जिभेवर घोळवून.

“खारट कुठे आहे?” ती म्हणाली. “अहो, मीठ अगदी बरोबर पडलंय. मी विचारत होते ते वेगळ्याच कारणासाठी. आमच्या धाकट्याचं लग्न पुढच्या ईस्टरनंतर आहे, तुमच्या मंडळींना तारीख जमेल का?”

 पॉलिनने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं, आणि लिलीच्या तोंडावरचा रंग उडालेला बघून ती बाई एकदम मऊ झाली. साखरपुड्याचं जेवणही असंच झालं होतं म्हणाली, पण त्या दिवशी पित्ताने डोकं उठलं होतं, घास उतरत नव्हता, आणि नव्या विहिणीला हे कुठे सांगत बसायचं, म्हणून छान म्हणून उठले. शेजारच्या आजीने तेवढ्यात अजून एक वाटी रस्सा मागवला. लिलीने तिच्याच वाटीतला थेंबभर चाखला. कम्युनियन कधीच झालं होतं. रस्सा जिभेला लागला आणि तिच्या जिवात जीव आला. मीठ बरोबर होतं. एक खडा जास्त नाही, एक खडा कमी नाही.

आता हा काय चमत्कार, म्हणून ती उठली आणि मागे गेली. यावेळी पुढच्या वाटेने, सगळ्यांच्या देखत.

क्लेमेंटीन रिकामी झालेली परात पुसत होती. टोनी लिलीच्या आधीच येऊन तिथे पोचला होता, म्हणजे पुढच्या मांडवात काय झालं ते इकडे कळलेलं होतं. त्याने शहाणपणाने पाण्याची पिंपं बघायला म्हणून काढता पाय घेतला. लिली म्हणाली, मी त्या टोपात मीठ घातलं होतं. क्लेमेंटीन म्हणाली, माहीत आहे.

“मग तू घातलेलं कुठे गेलं?”

“मी घातलंच नव्हतं.”

लिलीला काही सुधरेना. मग क्लेमेंटीनने तिला सावकाश, एकेका शब्दाला किंमत पडत असल्यासारखं सांगितलं. बंदी घातली त्या दिवशीच तिला कळलं होतं की ही बंदी मटणाला तेल सुटेपर्यंतच टिकणार. आपण मीठ घालून ठेवलं तर लिली येऊन वर घालणार, कारण कम्युनियनच्या उपासामुळे आज तिला चाखता येणार नाही. नको म्हणून सांगितलं तर मुद्दाम येऊन घालणार. तेव्हा मटण झालं असं सगळ्यांना सांगून तिने माणसांना चहाला पाठवलं आणि स्वतः केळींच्या आडोशाला उभी राहिली. रेशमी साडी वर धरून लिली आत शिरताना तिने पाहिली होती. बाहेर पडतानाही पाहिली होती. हसू आवरायला तिला पदर तोंडात धरावा लागला होता.

“आणि मी आलेच नसते तर?” लिलीने विचारलं.

“तर मी घातलं असतं. त्यात काय एवढं?”

लिली मटकन पाटावर बसली. नवी साडी, खाली कांद्याची सालं, पण कसलं भान. तिच्या डोक्यात हळूहळू एक एक गोष्ट येत होती. तो वाडगा. एरवी मिठाची पिशवीच टोपाशेजारी असते. आज वाडगा होता, आणि तो बरोबर संपला होता.

“वाडग्यात मीठ किती ठेवलं होतंस?”

“लागेल तेवढंच,” क्लेमेंटीन म्हणाली. “तू आज भानावर नव्हतीस. पिशवी ठेवली असती तर पिशवी ओतली असतीस.”

म्हणजे ज्या मिठाला अख्खं सांडोर नावाजत होतं ते लिलीच्या हाताचं नव्हतंच. हात तिचा होता, अंदाज क्लेमेंटीनचा. आणि असा अंदाज काही आजच्या आज आलेला नसणार. ताप असताना टोनीच्या स्कूटरवरून धडपडत गेलेली ती दुपार लिलीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तिला स्वतःचंच हसू आलं. म्हणजे त्या दिवशी ती खुशाल पांघरूण घेऊन पडली असती तरी चाललं असतं. खरं तर हे कळल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटायच्या ऐवजी खांद्यावरून जड टोप कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं.

“तुला येत होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुला ते करायला आवडतं,” क्लेमेंटीन म्हणाली. “मग मी कशाला मधे पडू?”

 लिलीचे डोळे भरून आले आणि सेबेस्टियनचा रुमाल आता खरोखरच कामाला आला. क्लेमेंटीन थोडा वेळ परात पुसत राहिली, पुसून झालेली परात. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, “टोनी सांगत होता तू सगळ्यांसमोर बोललीस ते. गप्प राहिली असतीस तरी कोनाला कळलं नसतं.”

“तुला बोलणी बसली असती ना पण.”

 क्लेमेंटीन या वेळी ‘हं’ सुद्धा म्हणाली नाही. तिने एक ताट घेतलं, त्यात भात वाढला, गरम फुगे ठेवले, टोपाच्या तळातले चांगले चांगले तुकडे शोधून मटण वाढलं आणि ताट लिलीच्या मांडीवर ठेवलं. सकाळपासून उपाशी असलेल्या लिलीला तेव्हा कळलं की आपल्याला भूक लागली आहे. ती जेवायला लागली. लग्नाचं जेवण गरम असताना बसून जेवायची तिला सवयच नव्हती, शेवटी राहिलेलं गारढोण खायची सवय. चव एवढी लागते हे तिला नव्याने कळत होतं.

पुढे इझाबेल आणि जेसनच्या नाचाची घोषणा झाली, माणसं टाळ्या वाजवायला लागली. लिली उठणारच होती, तेवढ्यात वाढपी धावत आला. मटण संपत आलंय, सांडोरची अजून एक बस आली आहे, मागाहून चढवलेला दुसरा टोप उघडायचा का, आणि त्यात मीठ पडलंय का, असं तो लिलीला विचारायला लागला. लिलीने हातातलं हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं, हात धुतले आणि साडीच्या निऱ्या नीट केल्या.

“ते क्लेमेंटीनला विचार,” ती म्हणाली, आणि लेकीचा नाच बघायला गेली.